ब्राकचं व्हायोलिन कसं बघायचं?

पहिली सूचना: व्हायोलिन शोधू नका. घनवादी चित्रासमोर, म्हणजे वस्तू कोनाकोनांच्या तुकड्यांत मांडणाऱ्या क्युबिस्ट चित्रासमोर उभं राहिलं की बहुतेकांचा एकच खेळ सुरू होतो. ही बघ मान, ह्या तारा, हं, सापडलं! आणि एकदा सापडलं की माणूस पुढच्या चित्राकडे सरकतो. जणू चित्रकाराने वाद्य लपवून ठेवलं होतं आणि आपण त्याची चोरी पकडली. पण ब्राक या फ्रेंच चित्रकाराने काहीच लपवलेलं नाही. चित्राच्या नावातच तो 'व्हायोलिन' म्हणून सांगून मोकळा होतो. खरा प्रश्न पुढचा आहे: व्हायोलिन असंच का रंगवलं, आणि असं रंगवल्यावर आपण नेमकं काय बघायचं?

जॉर्ज ब्राकचं १९०९ सालचं 'व्हायोलिन आणि पॅलेट' हे चित्र घेऊ. ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. इंटरनेटवर त्याची चांगली मोठी प्रतिमा मिळते. ती शेजारी उघडून ठेवा, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. चित्र उभट आणि चिंचोळं आहे: उंची साधारण ९२ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ४३.

खालून वर जाऊ. तळाशी व्हायोलिन, गेरूच्या आणि तपकिरीच्या छटांमध्ये. त्याच्या वर स्वरलिपीचे कागद, करडे-पांढरे. उजव्या अंगाला हिरवा पडदा. सगळ्यात वर भिंतीला टांगलेलं पॅलेट, म्हणजे रंग कालवायची फळी, अंगठा घालायच्या भोकासकट. आणि ती फळी ज्याला अडकवली आहे तो खिळा.

आता व्हायोलिनजवळ या. इंग्रजी एफच्या आकाराच्या त्या दोन फटी दिसतात, तारा दिसतात, कमरेचा वळसा दिसतो. म्हणजे ओळख पटायला लागतं ते सगळं आहे. पण मान सरळ वर जात नाही, सांधा निखळल्यासारखी मधेच सरकते. पोटाची एक कड ठसठशीत आहे, तर दुसरी कुठे संपते आणि टेबल कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. वरचे कागद तर भिंतीत शिरले आहेत की भिंतच कागदांसारखी चुरगळली आहे, कोण जाणे. मागची जागा रिकामी राहिलेलीच नाही. तीही वस्तूंइतकीच कोनाकोनांची झाली आहे.

खिळा मात्र असा रंगवलाय की बोट लावून बघावंसं वाटतं. त्याची सावलीसुद्धा पडली आहे. साऱ्या चित्रात जुन्या पद्धतीने, डोळ्याला फसवेल असा रंगवलेला हा एवढाच ऐवज. ब्राक जणू बजावतो आहे: 'मला ते येतं. इथे मुद्दाम करत नाहीये.' थोड्याच काळाने काढलेल्या आणि आता बाझलच्या संग्रहालयात असलेल्या 'व्हायोलिन आणि सुरई' या चित्रातही त्याने असाच खिळा ठोकून ठेवला आहे. म्हणजे ही एकदाची लहर नव्हती.

घनवादाबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे. 'यात वस्तू सगळ्या बाजूंनी एकाच वेळी दाखवतात.' शाळेच्या पुस्तकांपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे ते भेटतं. ते अगदी खोटं नाही, पण चित्र बघायला त्याचा उपयोग कमी आणि अडथळाच जास्त. सगळ्या बाजू दाखवायच्या असत्या तर व्हायोलिनची पाठ कुठे आहे? ती या चित्रात नाही, आणि पुढच्या बहुतेक चित्रांतही नाही. ब्राक काय किंवा त्याच्या जोडीने घनवाद घडवणारा पिकासो काय, पुन्हापुन्हा त्याच चार-पाच गोष्टींकडे येतात: फटी, तारा, खुंट्या, मानेचं वळलेलं टोक, कमरेचा बाक. शोरूममध्ये गाडी गोल फिरवून दाखवतात तसा मामला नाही हा. चाललंय काहीतरी वेगळंच, आणि ते समजून घ्यायला चारेकशे वर्षं मागे जावं लागतं.

आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली भूमितीवरच्या आपल्या ग्रंथात एक लाकूडठशाचं चित्र छापलं. एका खोलीत टेबल आहे, टेबलावर ल्यूट. ल्यूट म्हणजे पाठीमागे फुगीर, पुढे सपाट आणि मानेचा शेवट मागे मोडलेला असं युरोपातलं जुनं तंतुवाद्य. टेबलावर एक चौकट उभी केली आहे. चौकटीला दारासारखी उघडझाप करणारी फळी, त्या फळीवर कागद. भिंतीत एक कडी ठोकलेली. कडीतून दोरा ओवला आहे, त्याच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला टोचणी. एक माणूस ती टोचणी ल्यूटवरच्या एखाद्या बिंदूवर टेकवतो. ताणलेला दोरा चौकटीतून जिथून जातो ती जागा दुसरा माणूस आडव्याउभ्या दोन दोऱ्यांनी नेमकी पकडतो. मग दोरा बाजूला करायचा, फळी लावायची, त्या जागी कागदावर ठिपका द्यायचा. पुन्हा फळी उघडायची, पुढचा बिंदू घ्यायचा. असे पुष्कळ ठिपके जोडले की कागदावर ल्यूट उमटते, आणि ती अगदी तिथून दिसावी तशीच, आखडलेली, तिरकी.

या सगळ्या खटाटोपात डोळा कुठे आहे? भिंतीतली ती कडी म्हणजे डोळा. एकच, आणि ठोकून बसवलेला.

पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये बांधून काढलेल्या आणि पुढे साऱ्या युरोपभर शिकवल्या गेलेल्या यथादर्शनाचं, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचं, सगळं गणित या कडीवर टांगलेलं आहे. बघणारा एकाच जागी उभा आहे, त्याला एकच डोळा आहे आणि तो हलत नाही, असं धरून चाललं तरच ते बरोबर येतं. आणि ड्यूररने परीक्षेला नेमकं वाद्यच घेतलं, यात नवल नाही. घर काढायला सोपं, सगळ्या रेषा सरळ. वाद्यात मात्र फुगवटा, सपाटी, वळण, लांबट मान, बारीक तारा असं सगळं एकाच वस्तूत असतं. तिरकं ठेवलेलं ल्यूट ज्याला जमलं त्याला काहीही जमेल, असा तो धडा होता. पुढच्या शतकांतल्या स्थिरवस्तुचित्रांत वाद्यं सारखी दिसतात त्याला इतर कारणंही होती. संगीत सुरू झालं तसं संपतं, म्हणून वाद्य हे आयुष्याच्या क्षणभंगुरतेचं चिन्ह मानलं जाई. पण कसब दाखवायची संधी हेही त्यातलं मोठंच कारण होतं.

म्हणजे १९०९ मध्ये ब्राकने व्हायोलिन उलगडायला घेतलं तेव्हा हाती आलेली वस्तू साधीसुधी नव्हती. युरोपीय चित्रकलेने जिच्यावर हात बसवला तीच ती. ब्राकने ड्यूररचं हे चित्र मनात ठेवून खिळा रंगवला, असा माझा दावा नाही. पण दोन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवून बघा. एकात भिंतीतली कडी सगळ्या चित्रावर राज्य करते. दुसऱ्यात तो जुना, ठाम डोळा आक्रसून एका खिळ्यापुरता उरला आहे आणि बाकीचं सारं सुटं झालं आहे.

हे सुटं करणं ब्राक एकट्याने शिकला नाही. पॉल सेझान हा थोर फ्रेंच चित्रकार १९०६ मध्ये वारला आणि १९०७ च्या शरदात पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते बघून तरुण चित्रकारांची एक पिढीच हलली. सेझानची टेबलं किंचित कलंडलेली असतात, ताटलीची कड आपण डोकं जरासं वर केल्यावर दिसावी तशी दिसते. ब्राक दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक या गावी गेला, जिथे सेझानने काम केलं होतं, आणि १९०८ मध्ये तिथली घरं रंगवून परत आला. पॅरिसमध्ये दरवर्षी भरणाऱ्या शरद प्रदर्शनाने ती नाकारली. मग कानवायलर नावाच्या तरुण जर्मन विक्रेत्याने त्याच नोव्हेंबरात आपल्या छोट्या गॅलरीत ती लावली. लुई वोसेल या समीक्षकाने वर्तमानपत्रात लिहिलं की हा गडी सगळं काही घनांमध्ये, 'क्यूब'मध्ये आणून बसवतो. घनवाद हे नाव तिथून, टिंगलीतून रूढ झालं. नाव म्हणून ते फारसं बरंही नाही, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांतल्या चित्रांत घन औषधालाही सापडत नाहीत. असतात ते सपाट, पातळ, एकमेकांत सरकलेले तुकडे.

ते तुकडे कसे चालतात हे एकदा नीट बघितलं की निम्मं काम होतं. 'व्हायोलिन आणि पॅलेट'मधला स्वरलिपीचा कुठलाही एक कागद निवडा आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवा. एका बाजूला कड स्पष्ट, कारण पलीकडे गडद रंग आहे. तसंच पुढे जा. एका जागी कड विरते आणि कागदाचा रंग सरळ पलीकडच्या भिंतीत वाहत जातो. कुंपणाला फाटक ठेवावं तशी प्रत्येक तुकड्याला एक बाजू उघडी ठेवली आहे. डोळा तिथून आत शिरतो आणि पुढच्या तुकड्यात जातो. त्यामुळे पुढचं काय आणि मागचं काय हे ठरतच नाही. हे तंत्रही सेझानचंच. ब्राकने ते टोकाला नेलं.

दुसरं, सावल्या बघा. नेहमीच्या चित्रात उजेड एका खिडकीतून येतो आणि सगळ्या सावल्या एका दिशेला पडतात. इथे प्रत्येक तुकड्याला आपापला उजेड आणि आपापली सावली आहे. शेजारच्याशी त्याचं देणंघेणं नाही. आता लक्षात येईल की जुन्या चित्रात रेषा, सावली, रंग, पोत, जागा ही सगळी कामं एकाच गोष्टीसाठी राबायची: व्हायोलिन तिथे खरंच आहे असा भास उभा करण्यासाठी. घनवाद्यांनी ही सगळी कामं एकमेकांपासून सोडवली. रेषा एकीकडे, सावली दुसरीकडे, पोत तिसरीकडे. मोडलंय ते व्हायोलिन नव्हे. कामांची ती जुनी एकी मोडली आहे. घनवादी चित्र बघताना माझ्या मते एवढंच सूत्र हाताशी ठेवावं: काय कशापासून सोडवलं आहे?

पण मग व्हायोलिनच का? बाटली, ग्लास, पाइप, वर्तमानपत्र हेही या चित्रांत भरपूर आहे. तरी वाद्यांचा मान वेगळा. त्याचं एक कारण अगदी साधं आहे. ब्राक स्वतः वाजवायचा, त्याच्या स्टुडिओत वाद्यं टांगलेली असायची. त्याने पुढे सांगितलं होतं की वाद्यं आजूबाजूला होतीच, शिवाय हात लागला की वाद्य जिवंत होतं, ही गोष्ट त्याला मोलाची वाटे. पारंपरिक यथादर्शनावर त्याची तक्रारही हीच होती की ते वस्तूला दूर ठेवतं, पूर्ण हाती लागू देत नाही. त्याला हाताने चाचपता येईल अशी जागा रंगवायची होती.

यावर जरा थांबू, कारण मला हा मुद्दा सगळ्यात पटतो. वादक स्वतःचं व्हायोलिन कधी समोरून बघतो का? पाश्चात्त्य वादकाच्या हनुवटीखाली ते असतं. त्याला दिसतात नाकासमोरून लांब जाणाऱ्या तारा आणि टोकाला खुंट्या. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचं टोक पायाशी टेकवून वाजवणाऱ्याला ते वरून, उतरत जाणारं दिसतं. बाकीचं वाद्य डोळ्यांना नव्हे, हातांना ठाऊक असतं: मानेची जाडी अंगठ्याला, तारांमधलं अंतर बोटांना, पोटाची कड हनुवटीला किंवा छातीला. ही सगळी माहिती खरी आहे, पण भिंतीतल्या एका कडीतून ती कधीच मिळणार नाही. ब्राकच्या चित्रात व्हायोलिन निखळल्यासारखं दिसतं, पण तुकड्यातुकड्याने बघितलं तर प्रत्येक तुकडा जवळचा आहे, हाताच्या अंतरावरचा. दुकानाच्या काचेतून पाहिलेलं हे वाद्य नव्हेच.

आणखी एक कारण १९०९ च्या शरदातलं. त्या वर्षीच्या शरद प्रदर्शनात कामीय कोरो या आदल्या शतकातल्या चित्रकाराची व्यक्तिचित्रं लागली होती, त्यांत मेंडोलिन हातात घेऊन बसलेल्या बायकाही होत्या. वाद्य, माणूस, शांतता. पुढच्याच वर्षी पिकासोने मेंडोलिन वाजवणारी मुलगी रंगवली, जी आता न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहे. स्पेनमध्ये जन्मलेल्या पिकासोच्या चित्रांत गिटार किती येते हे सांगायला नको.

रंगांचंही एक. सगळं तपकिरी, करडं, गेरूचं का? लोक याला उदास म्हणतात. मला तरी यात उदासी दिसत नाही. तांबडा किंवा निळा रंग आला की तो डोळ्याला पकडून बसतो, पुढे येतो किंवा मागे जातो. तुकड्यांची ही नाजूक सरकासरकी मग बिघडते. म्हणून दोघांनी काही वर्षं रंगांना जवळपास रजा दिली. वाद्याच्या लाकडाचा रंग तेवढा उरला, आणि तो विषयाला धरूनच होता.

१९१० ते १९१२ मधली चित्रं मात्र अवघड आहेत, त्याबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. ब्राक आणि पिकासो या काळात इतके लगटून काम करत होते की आपण एका दोरीला बांधलेले गिर्यारोहक होतो, असं ब्राक नंतर म्हणाला. काही काळ तर त्यांनी चित्राच्या दर्शनी बाजूला सही करणंही सोडलं. कुठलं कुणाचं हे जाणकारांनाही पटकन सांगता येत नाही. पिकासोचं 'मा जोली', म्हणजे 'माझी सुंदरी', हे १९११-१२ मधलं चित्र घ्या. तेही मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहे. तंतुवाद्य घेऊन बसलेली बाई, असा विषय. बाई? तिरक्या रेषांचं एक राखाडी-तपकिरी धुकं दिसतं, बस. पण खाली ठळक छापील अक्षरांत 'मा जोली' लिहिलं आहे, जे तेव्हाच्या एका लोकप्रिय गाण्याच्या धृपदातले शब्द होते आणि पिकासोने प्रेयसी एवा हिला दिलेलं लाडकं नावही. शेजारी स्वरलिपीच्या रेघा आणि तिच्या सुरुवातीला असतं ते वळणदार चिन्ह. मधल्या भागात तारांसारख्या काही समांतर रेघा.

अशा चित्रात सरळ रेषांची इतकी गर्दी असते की वक्र रेषा दिसली की तिथे थांबावं. वळण म्हणजे बहुधा वाद्याची कंबर, कोपर, खुर्चीचा हात किंवा ग्लासाची कड. आणि अक्षरं वाचावीत. अक्षरांची गंमत अशी की ती सपाटच असतात, त्यांना पुढचं-मागचं नसतं. ब्राकने १९११ च्या सुमारास आपल्या चित्रांत स्टेन्सिलची अक्षरं आणली, तेव्हा त्यांनी धुक्यात पाय टेकायला जागा दिली. त्यांच्या तुलनेत बाकीचे तुकडे खोल वाटू लागले. इथून एक पाऊल पुढे टाकलं असतं तर वस्तू पूर्ण नाहीशी होऊन अमूर्त चित्र झालं असतं. ते पाऊल दोघांनीही टाकलं नाही. तारांच्या तीन-चार रेघांपुरतं का होईना, वाद्य उरलंच.

मग १९१२ च्या सप्टेंबरात ब्राकने एक भलताच उपाय शोधला. तो तेव्हा अॅव्हिन्योंजवळच्या सॉर्ग गावी राहत होता. अॅव्हिन्योंच्या एका दुकानात त्याला ओक लाकडाचे रेषे छापलेला भिंतीचा कागद दिसला. आपल्याकडे प्लायवूडवर लाकडाचे रेषे छापलेला सनमायका ठोकतात, त्याच जातीचा माल. ब्राकने तो विकत घेतला, कापला, चित्रात चिकटवला आणि वर कोळशाने रेघा ओढल्या. त्या वेळी पिकासो पॅरिसला गेलेला होता, आणि त्याच मोकळ्या दिवसांत ब्राकने हे काम उरकलं.

इथे ब्राकचं घराणं कामी आलं. त्याचे वडील आणि आजोबा घरं रंगवणारे, सजावटीचे कंत्राटदार. ब्राकने स्वतः ल हाव्र शहरात तो धंदा शिकला होता. स्वस्त लाकडावर फणी फिरवून उंची लाकडाचे रेषे उठवायचे, पुठ्ठ्याच्या साच्यातून अक्षरं काढायची, ही त्याची हातखंडा कामं. ती फणी त्याने पिकासोला दाखवली, तर पिकासोने तिने माणसाचे केस आणि मिश्या विंचरल्या! दोघांच्या स्वभावातला फरक यातून कळतो.

आता लाकडाच्या छापील कागदाचा विचार करा. त्याची पट्टी चित्रात चिकटवली आणि तिच्यावरून व्हायोलिनची बाह्यरेषा ओढली, पण ती पट्टीच्या कडेशी जुळवली नाही. पट्टी सांगते, 'लाकूड'. रेषा सांगते, 'व्हायोलिनचा आकार'. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत, तरी डोक्यात लाकडी व्हायोलिन उभं राहतं. रंगवण्यातली कामं सोडवण्याची गोष्ट वर केली ती इथे कात्रीने झाली आहे. रंगही आता परत येऊ शकला, कारण तो वस्तूला बांधलेला राहिला नाही.

या प्रकारातलं माझं आवडतं चित्र मात्र पिकासोचं आहे. १९१२ च्या डिसेंबरातलं, नाव नुसतं 'व्हायोलिन', पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात. कागद, कोळसा आणि वर्तमानपत्राचे दोन तुकडे, एवढंच साहित्य. दोन्ही तुकडे एकाच पानातून कापलेले आहेत, त्यांच्या कडा एकमेकांत बसतात. पिकासोने एक तुकडा वाद्याच्या अंगावर ठेवला. तिथे छपाईच्या बारीक ओळी लाकडाच्या रेषांसारख्या वाटतात, तुकडा घट्ट वाटतो. दुसरा तुकडा त्याने उलटवून वर उजवीकडे, वाद्याबाहेर लावला. तिथे तोच कागद, तीच छपाई मागच्या हवेसारखी, उजेडासारखी वाटते. एकाच पानाचे दोन तुकडे, एक लाकूड आणि एक हवा. बाजूला कुठली रेषा आहे एवढ्यावर अर्थ ठरला.

त्याहून बहारदार आहेत त्या दोन फटी. खऱ्या व्हायोलिनवर दोन्ही सारख्या असतात. वाद्य हातात धरून हळूच तिरकं करा, दूरची फट आखडून बारीक दिसू लागते, जवळची मोठी राहते. पिकासोने एक फट मोठी आणि एक लहान काढली. बाकी कुठेही खोली नाही, कागद सपाट आहे, सावलीने फुगवलेलं काही नाही. फक्त दोन फटींच्या मापातला फरक. रोझालिंड क्राउस या अमेरिकन समीक्षिकेने हा बारकावा उलगडून दाखवला: पिकासोने खोली रंगवली नाही, खोलीची नुसती खूण लिहिली. ड्यूररला तिरक्या वाद्यासाठी भिंतीतली कडी, दोरा, चौकट, दोन माणसं आणि शेकडो ठिपके लागले होते. इथे दोन असमान फटींत काम झालं. हे पाहिल्यावर 'मुलंसुद्धा असं काढतील' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्या फटी दाखवतो.

वर्तमानपत्राच्या कात्रणांतला मजकूर वाचायचा की नाही, यावर अभ्यासकांत खडाजंगी आहे. टेक्ससच्या सॅन अँटोनिओ शहरातल्या मॅकने संग्रहालयात पिकासोचं १९१२ च्या १८ नोव्हेंबरनंतरचं एक कोलाज, म्हणजे कागद चिकटवून केलेलं चित्र आहे: गिटार, स्वरलिपी आणि ग्लास. त्यात खऱ्या छापील स्वरलिपीचा तुकडा आहे, पिकासोने हाताने रंगवलेला लाकडी रेषांचा कागद आहे, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचं कात्रण, ज्यावर 'लढाईला तोंड लागलं' अशा अर्थाचा मथळा. तेव्हा बाल्कन युद्ध पेटलं होतं. कुणी म्हणतं, हा पिकासोचा युद्धविरोध. कुणी म्हणतं, कोलाजच्या नव्या आखाड्यात ब्राकशी झुंज सुरू झाल्याची ही थट्टा. मला वाटतं, मथळा आपण वाचावा म्हणूनच ठेवला आहे, कात्री तशीच चालवली आहे. पण कात्रणांतला बारीक टायपातला प्रत्येक परिच्छेद भिंगाने वाचून त्यातून राजकारण काढायला गेलं की चित्र बाजूला राहतं.

आइनस्टाइनचं नावही या चर्चेत उगाच ओढतात. सापेक्षतावाद वाचून घनवाद सुचला, ही दंतकथा. आइनस्टाइन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो १९१९ नंतर. तोवर घनवादाचा मुख्य बहर सरला होता. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्राक महायुद्धावर गेला आणि १९१५ मध्ये डोक्याला गंभीर जखम घेऊन परतला. पिकासोबरोबरची ती एका दोरीची चढाई तिथे संपली.

ज्यांना ही चित्रं अजून परकी वाटतात त्यांनी ह्वान ग्रीसपासून सुरुवात करावी. माद्रिदचा हा चित्रकार १९०६ मध्ये पॅरिसला आला आणि त्याची व्हायोलिनं, गिटारी नीटनेटक्या, रंगीत, कडा धारदार अशा आहेत. ब्राकइतकी कोडी नाहीत, आणि खरं सांगायचं तर ब्राकइतका थरारही नाही. घनवादाची ही नीटस बाजू आपल्या मुंबईतही पोहोचली. जहांगीर सबावाला जे. जे. स्कूलमधून पॅरिसला गेले आणि आंद्रे लोत या घनवादी गुरूच्या हाताखाली शिकले. त्यांच्या समुद्र, आकाश आणि डोंगरांच्या चित्रांत ते कोन आणि पापुद्रे ओळखता येतात.

शेवटी एक वाद्य असं, जे रंगवलेलं नाहीच. १९१२ च्या शरदात पिकासोने पुठ्ठा, दोरा आणि तार घेऊन गिटार बनवली. १९१४ मध्ये तिचीच पत्र्याची आवृत्ती केली. दोन्ही आज न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहेत. तोवर शिल्प म्हणजे कोरलेलं किंवा ओतलेलं. हे मात्र कापून, दुमडून, जोडून केलेलं, भिंतीला टांगायचं. गिटारच्या पोटाला मधे गोल भोक असतं. पिकासोने त्या भोकाच्या जागी पुढे आलेली नळी बसवली. खरं तर सगळ्यात आत असायची ती गोष्ट सगळ्यात पुढे. ही कल्पना पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो मुखवट्यांवरून आली असं मानतात. त्या मुखवट्यांत डोळे बाहेर आलेल्या नळकांड्यांनी दाखवतात, आणि असे मुखवटे पिकासोच्या संग्रहात होते.

१९१३ च्या नोव्हेंबरात कवी अपोलिनेरने आपल्या मासिकात पिकासोच्या अशा जोडकामांची छायाचित्रं छापली, तर वर्गणीदारांनी भराभर नावं काढून घेतली. पण एका पाहुण्याला ती भलतीच लागू पडली. व्लादिमिर तातलिन हा रशियन कलाकार पॅरिसला येऊन पिकासोच्या स्टुडिओत गेला. तो स्वतः बांदुरा हे युक्रेनचं तंतुवाद्य वाजवायचा. मॉस्कोत परतल्यावर त्याने पत्रा, लाकूड, काच आणि तारा जोडून भिंतीवरची शिल्पं करायला घेतली. त्यांत गिटार नाही, व्हायोलिन नाही, आणि लवकरच ओळखू येणारी कुठलीच वस्तू उरली नाही. ब्राक आणि पिकासो ज्या उंबऱ्यावर थांबले होते तो त्याने बिनदिक्कत ओलांडला.